रिकामी खुंटी

“विचार त्याला, तारेच्या पलीकडं किती आहेत,” दादा म्हणाला.

मी विचारलं. आम्हाला शिकारीला नेणाऱ्या हेनिंगनं रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवली. मागून किंवा पुढून कुणी येण्याचा प्रश्नच नव्हता. नामिबियातला तो तांबड्या मातीचा रस्ता सरळ आभाळाला जाऊन टेकला होता. डाव्या हाताला जाळीचं नवं कुंपण होतं. मी हात वर करून उडी मारली असती तरी त्याच्या टोकाला पोचलो नसतो. उजव्या हाताला गुरांसाठी घातलेल्या तारा होत्या, माझ्या छातीपर्यंत येतील एवढ्याच.

“डावीकडे हवे तेवढे,” हेनिंग इंग्रजीत म्हणाला. “ती माझ्या मेहुण्याची जागा. दुपारच्या जेवणाआधी तुमचा कुडू गाडीत असेल. उजवीकडे माझं शेत आणि त्यामागे डोंगर. तिथं कुडू स्वतःच्या मर्जीनं येतात आणि जातात. ही तार ते सहज उडी मारून ओलांडतात. मिळेलच असं मी म्हणणार नाही. तुम्ही ठरवा.”

मी ते दादाला मराठीत सांगितलं.

“सगळं सांगितलंस?”

“सगळं.”

“बघ हां. तुझ्या सांगण्याचा मला अनुभव आहे.” त्यानं डावीकडच्या जाळीकडे पाहिलंसुद्धा नाही. “उजवीकडं. आणि त्याला म्हणावं, आम्ही खाटीक नाही.”

मी हेनिंगला फक्त उजवीकडे म्हणून सांगितलं. खाटकाचं गाळलं. दादाच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्या दिवशी तो पुन्हा माझ्याशी बोलला नाही.

मी तेव्हा साठीला आलो होतो आणि कॉलेजच्या ग्रंथालयातून नुकताच निवृत्त झालो होतो. बंदूक जन्मात कधी खांद्याला लावली नव्हती. “आफ्रिकेत तुमचं काय काम?” असं माझ्या बायकोनं विचारलं होतं. काम होतं. मी साक्षीदार होतो.

आमच्या घरात शिकाऱ्यानं स्वतःच्या शिकारीबद्दल बोलायचं नाही, अशी रीत होती. शिकारी खोटं बोलतो असं पणजोबांचं मत होतं, आणि ते स्वतः शिकारी असल्यामुळे त्यांना माहीत असणार. शिकाऱ्याबरोबर गेलेल्या घरच्या पुरुषानं खंडेनवमीला, शस्त्रांची पूजा झाली की, सगळ्यांसमोर दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची: कुठं मिळालं, कसं मिळालं. तेवढा वेळ शिकारी गप्प. ऐकून घरातलं वडीलधारं माणूस ‘लावा’ म्हणालं, तरच शिंगं भिंतीवर जायची. मुलाच्या हातात पहिल्यांदा बंदूक दिली, की त्याच्यासाठी एक शिसवी खुंटी त्या भिंतीत ठोकत. माझी खुंटी कधी ठोकलीच नाही. दादाची ठोकली, ती रिकामी राहिली.

मग शिकारबंदीचा कायदा आला. आबासाहेब, म्हणजे आमचे वडील, गेले. दादानं द्राक्षबागा वाढवल्या, कारखान्यावर संचालक झाला, फलटणला बंगला बांधला. पणजोबांची, आजोबांची, आबासाहेबांची शिंगं त्यानं दिवाणखान्यात लावली आणि त्यांच्या शेजारी ती जुनी रिकामी खुंटीही गवंड्याकडून बसवून घेतली. नवे पाहुणे विचारायचे. वहिनी सांगायच्या, “टोपी अडकवायला आहे.” त्या घरात टोपी कुणी घालत नव्हतं.

सहासष्टाव्या वर्षी दादाच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी सांगितलं, वाढत जाणार. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यानं आफ्रिकेची चौकशी सुरू केली. शिंगं भारतात आणायची म्हणजे कायद्याची मोठी भानगड, म्हणून मोठा फोटो चौकटीत घालून खुंटीला लावायचा, असं ठरलं. बरोबर घरचा पुरुष हवा. त्याचा मुलगा परदेशात होता. शिकारीचा विषय निघाला की तो फोन ठेवून द्यायचा. उरलो मी.

“पासपोर्ट आहे का तुझा?” एवढंच त्यानं मला फोनवर विचारलं. कितीतरी वर्षांनी त्यानं स्वतःहून केलेला तो पहिला फोन होता.

उजवीकडच्या डोंगरात आम्ही रोज पहाटे निघायचो. पुढे हेनिंग, खांद्यावर तीन काठ्यांचं तिकाटणं घेऊन. त्यावर बंदूक टेकवून नेम धरायचा. मधे दादा. मागे मी, पिशवीत पाणी आणि आफ्रिकेतल्या हरणांवरचं एक जाड पुस्तक. कुडू म्हणजे अंगानं आपल्या नीलगाईसारखं जनावर, राखाडी, पाठीवरून पांढऱ्या बारीक रेघा उतरलेल्या. नराची शिंगं मळसूत्रासारखी पीळ घेत वर जातात. हे सगळं मी जाण्याआधीच वाचलं होतं आणि दादाला सांगायचा प्रयत्न केला होता.

“पुस्तकात असं लिहिलंय का,” तो न वळता म्हणाला, “की मागून येणाऱ्यानं बैलासारख्या धापा टाकू नयेत?”

मी तोंड मिटून नाकानं श्वास घ्यायला लागलो. त्यानं आवाज जास्तच झाला.

दगडांचा तो डोंगर होता. पाऊल ठेवावं तिथला दगड हलायचा. बाभळीसारखी काटेरी झाडं कपडे धरून ठेवायची. कुडूच्या माद्या दिसायच्या, लहान नर दिसायचे. मोठा नर दिसायचा तो समोरच्या टेकडीवर, दुर्बिणीत, आणि आम्ही तिथं पोचेपर्यंत त्याच्या पुढच्या टेकडीवर. दादाचा डावा गुडघा दुसऱ्याच दिवशी सुजला. त्यानं कापडी पट्टा करकचून बांधला. मी काठी कापून दिली, ती त्यानं घेतली आणि थोडं पुढे गेल्यावर दरीत टाकून दिली.

“दादा, आज थांबू या का?”

“तू थांब. बस सावलीला वाचत.”

पण मी थांबलो असतो तर साक्ष कुणी दिली असती? हे त्यालाही माहीत होतं. म्हणून मी चालत राहिलो आणि तो माझ्यावर चिडत राहिला.

शेवटून दुसऱ्या दिवशी तो नर आम्हाला जवळून भेटला. एका घळीतून वर चढत असताना हेनिंग एकदम खाली बसला. वरच्या कड्यावर, झाडाच्या सावलीत, तो उभा होता. आधी मला फक्त एक कान हललेला दिसला. मग त्या कानामागून शिंगं निघाली आणि वर वर जातच राहिली. वारा आमच्या तोंडावर होता. हेनिंगनं हळूच खूण केली: अजून थोडं वर, त्या सपाट दगडापर्यंत, तिथून नेम.

दादा उठला. दोन पावलं टाकली आणि गुडघा वाकलाच नाही. तो हातांवर आला. तसाच, हातांवर आणि एका पायावर, तो दगडापर्यंत गेला. हेनिंगनं तिकाटणं उभं केलं. दादानं बंदूक त्यावर ठेवली. मी मागे, त्याच्या बुटांजवळ पडलो होतो. बंदुकीचं टोक मला दिसत होतं. ते झाडावर जात होतं, आभाळात जात होतं, पुन्हा झाडावर येत होतं. दादाच्या छातीचा भाता थांबत नव्हता.

“थांबा,” हेनिंग कुजबुजला. “श्वास बसू द्या.”

ते मी मराठीत सांगायला हवं होतं की नाही, मला समजेना. ‘थांबा’ एवढं इंग्रजी कुणालाही कळतं.

नर आमच्याकडे पाहत होता. त्याला आम्ही दिसत होतो असं मला अजूनही वाटतं. मग तो वळला आणि घाई न करता कड्याच्या पलीकडे उतरला. खाली गुरांची तार होती. तिच्यावरून तो गेला तेव्हा त्यानं धाव घेतली नाही. उभ्या उभ्या अंग उचललं, एवढंच. तार हललीही नाही.

हेनिंगनं बंदूक काढून घेतली, गोळी काढली आणि घाम पुसला. मग तो माझ्याकडे पाहून बोलला. दादाकडे पाहून नाही.

“काय म्हणाला?” दादानं विचारलं. तो अजून दगडावर पालथाच होता.

“म्हणाला, नशीब नव्हतं.”

“एवढंच नाही बोलला. बराच वेळ बोलत होता. सगळं सांग.”

“म्हणाला, या पायानं आणि या हातानं डोंगरात होणार नाही. उद्या पलीकडे जाऊ. तिथं गाडीतून उतरावंही लागत नाही.”

दादा उठून बसला. त्याच्या तळहातांतून रक्त येत होतं, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

“ ‘या पायानं, या हातानं’ हे तो म्हणाला की तू?”

“तो म्हणाला.”

“तुला ते सांगताना बरं वाटलं असेल.”

संध्याकाळी आम्ही हेनिंगच्या घराच्या ओट्यावर बसलो होतो. ऊन अजून होतं. दादानं पाय खुर्चीवर ठेवला होता आणि बूट काढून शेजारी ठेवले होते. गुडघा नारळाएवढा झाला होता. हेनिंग आत फोनवर मोठ्यानं जर्मनमध्ये बोलत होता.

“उद्याचा एकच दिवस उरलाय,” दादा म्हणाला. “पलीकडं जाऊ.”

मी पुस्तकाची पानं चाळू लागलो.

“ऐकलंस का?”

“ऐकलं.”

“मग सांग त्याला.”

“सांगतो. पण खंडेनवमीला मी काय सांगू?”

“डोंगरात मिळालं म्हणून सांग. डोंगरात होतोच की आपण. फुकट फिरलो का? मोकळा कुडू पाहिला, त्याच्यावर नेम धरला. खोटं काय आहे त्यात? मधलं थोडं गाळायचं, बास.”

“मधलं कुंपण गाळायचं.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मारायच्या आधी तो असा पाहायचा.

“आबासाहेबांपुढं तरी तुला कोण विचारत होतं रे?”

“आबासाहेबच विचारत होते, दादा.”

हे खरं होतं. दादा तेव्हा तेविशीचा आणि मी सोळा वर्षांचा. बंदीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. त्यानं माणच्या माळावर काळवीट मारलं होतं, सुंदर, काळंभोर. गावातून वाजत गाजत आणलं. खंडेनवमीला आबासाहेबांनी मला समोर उभं केलं. कुठं मिळालं? मी सांगितलं, मेंढ्यांच्या सरकारी कुरणात. कसं मिळालं? मी सांगितलं, ते कुंपणाच्या कोपऱ्यात अडकलं होतं, तिथं. आबासाहेब म्हणाले, “म्हणजे बकरं. वाटून टाका,” आणि प्यायला पाणी मागितलं. दादा रीतीप्रमाणे गप्प उभा होता. त्याला बोलायची परवानगीच नव्हती.

“दोन शब्द,” दादा आता म्हणत होता. “ ‘कोपऱ्यात अडकलं’, एवढे दोन शब्द तुला गिळता आले नसते? कुरणात मारलं म्हणाला असतास, तरी खरंच होतं ना?”

“कसं, म्हणून विचारलं होतं.”

“कसं विचारलं होतं! वा! ग्रंथपालसाहेब! आणि त्याचं बक्षीस काय मिळालं? आबासाहेब म्हणाले, ‘पदू एकटा सरळ निघाला.’ झालं! त्या एका वाक्यावर जन्म काढलास. ना घर बांधलंस, ना शेत राखलंस, ना कुणाच्या अडीअडचणीला धावलास. आपला सरळ बसून राहिलास, खुर्चीत.”

हे मला फार लागलं. त्यातलं किती खोटं आहे ते मी शोधत होतो आणि लवकर काही सापडेना. म्हणून मी असं बोललो, जे एरवी मनातही आणलं नसतं.

“मग एवढ्या लांब तरी कशाला आलो, दादा? फलटणच्या बाजारातून बोकड आणायचा. त्याला शिंगं चिकटवायची आणि काढायचा फोटो.”

बूट माझ्या कानाजवळून गेला आणि टेबलावरचा कॉफीचा कप घेऊन भिंतीवर आपटला. हेनिंग फोन हातात धरूनच बाहेर आला. त्यानं फुटका कप पाहिला, दादाचा एकच बूट पाहिला.

“ठरलं का?” त्यानं मला विचारलं.

मी दादाकडे पाहिलं.

“सांग ना,” दादा म्हणाला.

“काय सांगू?”

“तुला माहीत आहे काय सांगायचं. माझ्या तोंडून कशाला वदवून घेतोस?”

मी हेनिंगला सांगितलं. त्यानं मान हलवली. त्याला नवल वाटलं नाही.

“चांगलं. आणि त्यांना म्हणावं, काळजी करू नका. फोटोत तार येणार नाही. मी कुठं उभं राहायचं ते मला ठाऊक आहे. सगळ्यांचेच तसे काढतो.”

“काय म्हणतोय?”

“म्हणतोय, फोटोत तार येणार नाही.”

दादानं तोंड फिरवलं. “हे सांगायची काही गरज नव्हती,” तो भिंतीकडे पाहून म्हणाला.

सकाळी हेनिंगच्या मेहुण्याच्या माणसानं मोठं फाटक उघडलं आणि आम्ही आत गेल्यावर लगेच लावून घेतलं. आतला रस्ता तारेच्या कडेकडेनं जात होता. पाण्याच्या हौदाजवळ सहा-सात कुडू उभे होते. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली आणि पुन्हा पाण्यात घातली. त्यांच्यातला सर्वांत मोठा नर रवंथ करत होता. आदल्या दिवशीच्यापेक्षा त्याची शिंगं मोठी असतील. मला तुलना करता येत नाही.

“इथूनच,” हेनिंग म्हणाला आणि गाडीच्या कठड्यावर उशी ठेवली.

“गाडीतून नाही,” दादा म्हणाला. ते त्यानं इंग्रजीत सांगितलं, मला मधे न घेता.

तो उतरला. एका पायावर भार देत तो तारेपासून लांब गेला आणि झुडपांच्या आडून, वाकून, वळसा घालत हौदाकडे निघाला. तिथं आडोशाची काही गरज नव्हती. हेनिंग माझ्याकडे पाहून हसला. मी हसलो नाही, निदान तसं मला आठवतं. तिकाटणं घेऊन हेनिंग त्याच्या मागे गेला आणि मीही गेलो. दगड वाजले. वारा आमच्या पाठीवर होता. डोंगरात असता तर दादानं मला शिव्या घातल्या असत्या. कुडूंना वास आला आणि सगळे उधळले. माद्या एका बाजूला गेल्या. नर तारेच्या दिशेनं गेला, जाळीपाशी पोचून वळला, तिच्या कडेनं धावत सुटला, आणि पुढे जिथं दोन तारा मिळत होत्या तिथं थांबला. मग तो आमच्याकडे तोंड करून उभा राहिला.

तो कोपरा होता.

मी जनावराकडे फार वेळ पाहिलं नाही. दादाकडे पाहत होतो. बंदूक तिकाटण्यावर होती. उजवा हात थरथरत होता, तो त्यानं डाव्या हातानं दाबून धरला. घाई नव्हती, नर कुठं जाणार नव्हता. दादानं एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी काय करायला हवं होतं, मला कळलं नाही. मी बहुतेक मान हलवली. कशाला हलवली, होकार म्हणून की नकार म्हणून, तेही सांगता येत नाही.

गोळी चांगली लागली. नर मागे जाळीवर पडला आणि ती जाळी वाजली. तिचा आवाज तारेतारेतून लांब लांब जात राहिला. आम्ही सगळे तो संपायची वाट पाहत उभे होतो.

मग मेहुण्याच्या दोघातिघा माणसांनी नराला दोर बांधून गाडीनं ओढत तारेपासून लांब नेलं. झुडपांसमोर बसवल्यासारखं केलं, शिंगं सरळ केली, रक्त पुसलं. हेनिंगनं एक हिरवी डहाळी मोडली. तिचा तुकडा नराच्या तोंडात दिला, दुसरा रक्तात बुडवला, आपल्या टोपीवर ठेवला आणि ती टोपी दादापुढे धरली.

“हे काय?”

“त्यांच्यातली रीत आहे,” मी म्हणालो. “शिकाऱ्याचा मान.”

दादानं त्या डहाळीकडे बघून घेतलं.

“त्याला म्हण, राहू दे.”

फोटो निघाला. त्यात खरोखरच तार आली नाही.

परतीच्या विमानात आमच्या मधे एक रिकामी खुर्ची होती. दादानं तिच्यावर उशी ठेवली, तिच्यावर आपला कोट, आणि खिडकीकडे तोंड करून डोळे मिटले. मी पुस्तक उघडून बसलो आणि मनात एक वाक्य तयार करू लागलो. ‘डोंगरात मिळालं. वाऱ्याच्या विरुद्ध चालत गेलो, मोकळ्या रानात.’ ते मी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. मुंबई यायच्या आत ते इतकं साफ झालं की मलाच ते घडल्यासारखं वाटू लागलं. बंदुकीवरचा तो दाबून धरलेला हात माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता. मला वाटलं, एकदा बोलायला काय हरकत आहे? दादाला मात्र मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो काहीतरी टोचून बोलला असता आणि माझा निश्चय गेला असता.

खंडेनवमीला फलटणच्या दिवाणखान्यात सगळे जमले. दादाची मुलगी आणि जावई, चुलतभाऊ, त्यांची मुलं. घरातलं वडीलधारं माणूस आता थोरली आक्का होती, आमची सर्वांत मोठी बहीण. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण कान तिखट. आबासाहेबांच्या तलवारीला आणि जुन्या बंदुकीला हळदकुंकू लागलं, झेंडूची फुलं वाहिली. चौकटीतला फोटो एका खुर्चीवर भिंतीला टेकवून ठेवला होता. मुलं त्याच्यासमोर उभी राहून आपापल्या फोनमध्ये त्याचा फोटो काढत होती.

“बाप रे, केवढी शिंगं!” जावई म्हणाला. “मामंजी, एका गोळीत का?”

“त्यांना नका विचारू,” वहिनी म्हणाल्या. “त्यांनी बोलायचं नसतं. भाऊजी सांगतील.”

दादा खुंटीखाली उभा होता. पांढरा फेटा बांधला होता आणि उजवा हात खिशात घातला होता.

“पदू, उभा राहा,” आक्का म्हणाली. “कुठं मिळालं?”

“नामिबियात,” मी म्हणालो. “तिथल्या डोंगरात.”

माझा आवाज चांगला निघाला. सगळे माझ्याकडे बघत होते. एरवी असं झालं की माझे तळहात भिजतात. त्या दिवशी कोरडे होते.

“कसं मिळालं?”

“वाऱ्याच्या विरुद्ध...”

“कुंपणात मिळालं,” दादा म्हणाला.

एका मुलाचा फोन वाजला आणि त्याच्या आईनं तो हातातून काढून घेतला.

“रणधीर,” आक्का म्हणाली, “तू नाही बोलायचं. रीत आहे.”

“मी बोलतोय, आक्का. जाळीच्या कुंपणात होतं. कोपऱ्यात. पळायला जागा नव्हती त्याला. विचार अजून काय विचारायचंय ते.”

“पण पदू सांगत होता...”

“पदू खोटं सांगत होता.” तो माझ्याकडे वळला. “खाली बस. जन्मभर एकच काम केलंस, तेही आता नीट जमेना.”

मी बसलो. त्यानं खिशातून हात काढला, तो फोटो उचलला आणि स्वतः आत घेऊन गेला. चौकट त्याच्या हातात खडखडत होती. कुणी मदतीला पुढे गेलं नाही. गेलं असतं तर त्यानं ती फेकली असती. आक्का ‘लावा’ म्हणाली नाही आणि ‘लावू नका’ असंही म्हणाली नाही. थोड्या वेळानं वहिनींनी सगळ्यांना पानावर बोलावलं.

जेवायला मी थांबलो नाही. चपला घालत होतो तेव्हा दादा मागून व्हरांड्यात आला.

“आबासाहेबांपुढं खरं बोललास म्हणून मी तुझा इतकी वर्षं राग केला,” तो म्हणाला. “आज त्यांच्या भिंतीखाली उभा राहून खोटं बोलला असतास, तर तो सगळा राग फुकट गेला असता. तेवढं तरी माझ्याकडं राहू दे.”

“दादा, मी तुझ्यासाठीच...”

“माहीत आहे. म्हणून तर. फाटक लावून घे जाताना, कुत्री आत येतात.”

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. आजारपणात मी दोनदा भेटायला गेलो. त्यानं झोपल्याचं केलं. आता तोही नाही. बंगल्यात पुतणी राहते. खुंटी तिथंच आहे आणि नवं कुणी आलं की तीही म्हणते, टोपी अडकवायला आहे.

मी कधी कधी ते वाक्य पूर्ण करून पाहतो. डोंगरात मिळालं. वाऱ्याच्या विरुद्ध चालत गेलो, मोकळ्या रानात. घरी एकटा असताना म्हणतो तेव्हा कुठंही अडखळत नाही. त्या दिवशी आक्कासमोर शेवटच्या शब्दापर्यंत गेलो असतो की ‘वाऱ्याच्या विरुद्ध’पाशीच थांबलो असतो, हे मला खरंच माहीत नाही. ते दादानं मला कळू दिलं नाही.